फीत क्रमांक दोन

“माह्या सासूचं गानं तुमच्यापाशी हाये,” काउंटरपलीकडची बाई म्हणाली. “ते न्याले आली मी.”

मी कार्डावरून मान वर केली. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, खांद्याला कापडी पिशवी. तिच्यामागे लष्करी गणवेशातला एक माणूस अवघडून उभा होता. दिल्लीच्या त्या कचेरीत मराठी कानावर पडायची मला सवय नव्हती, त्यात ही वऱ्हाडी.

“कुठून आलात तुम्ही?”

“चिंचखेडहून. यवतमाळ जिल्हा. पंचफुला राऊत नाव माहं. हा माहा भाऊ गुलाबराव, इथंच छावनीत असते. त्यानंच आनलं मले.”

पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. आमच्याच संस्थेचं पत्र होतं, सन एकोणीसशे सत्तावन्नचं. घड्यांवर फाटू लागलेलं, पण संस्थेचा शिक्का अजून जांभळा दिसत होता. ‘श्रीमती कौतिकाबाई राऊत, आपला आवाज राष्ट्राने जपून ठेवला आहे.’ खाली संस्थापकांची सही.

“जपाले देल्लं होतं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आता पाहिजे.”

ही गोष्ट १९८२ च्या फेब्रुवारीतली. राष्ट्रीय लोकस्वर संस्थेत लागून मला आठ महिने झाले होते. आमचं घर दिल्लीतच, वडील सरकारी नोकरीत. मी बँकेची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते आणि तोवर वेळ काढायला ही नोकरी धरली होती. काम सोपं होतं. फितींच्या नोंदींची जुनी कार्डं नव्याने लिहायची. त्या महिन्यात मात्र आणखी एक काम गळ्यात पडलं होतं. संस्थेला पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास आणि उद्देश मला लिहायचा होता.

इतिहास मला एव्हाना पाठ झाला होता. संस्थापक कैलाशनाथ वांचू. सत्तावन्न साली त्यांनी एक जीप, जीपच्या बॅटरीवर चालणारं एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि सोळा कोऱ्या फिती घेऊन दिल्ली सोडली आणि चार महिन्यांनी भरलेल्या फिती घेऊन परत आले. त्यातूनच संस्था उभी राहिली. उद्देश एका ओळीचा होता : देशाच्या कानाकोपऱ्यातले लोकस्वर गोळा करणे आणि त्यांचे जतन करणे. संस्थेची पहिली फीत चिंचखेडची होती. तिच्यावरच्या चार ओळींचा अनुवाद स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापूनही झाला होता.

पण त्या फितीवरच्या बाईची सून कधी काउंटरवर येऊन उभी राहील, असं मला काय किंवा आणखी कुणाला काय, वाटलंच नव्हतं.

“कोणतं गाणं हवंय तुम्हाला?”

“पाठवनीचं. राऊताच्या घरची पोरगी सासरी निंघाली का ते म्हनतात. सासूनं माह्या नंदेच्या लग्नात म्हटलं होतं, तव्हा मी आयकलं. त्यावर वीस वर्सं झाली. मले आता दोनच ओळी येतात. सासू परसाली गेली. आन पंधरा दिसांनी माह्या वनिताचं लगन हाये.”

“सासूबाईंनी शिकवलं नाही तुम्हाला?”

“लगन नसलं तर ते म्हनत नाईत. अपशकुन असते. आज शिकू, उद्या शिकू करता करता ती गेलीच.”

आमचे संग्रहपाल सक्सेनाजी शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकत होते. भाषा कळत नसली तरी रोख कळत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमांवर त्याची श्रद्धा होती. फीत बाहेर जात नाही, हा पहिला नियम. ऐकायची खोली फक्त संशोधकांसाठी, हा दुसरा.

“मग यांना संशोधक म्हणून अर्ज भरू दे,” मी म्हणाले.

सक्सेनाजींनी अर्ज दिला. मी एकेक रकाना विचारत भरत गेले. ‘संशोधनाचा विषय’ या रकान्याशी आल्यावर मी पंचफुलाबाईंना विचारलं, “तुम्हाला कशाबद्दल माहिती काढायची आहे, असं विचारलंय.”

“सासूबद्दल,” त्या म्हणाल्या.

मी तेच लिहिलं. सक्सेनाजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली. “विषय मोठा आहे,” ते हिंदीत म्हणाले. “पण तीन दिवसच मिळतील.”

ऐकायची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक अवजड यंत्र. फीत क्रमांक एक मी चाकांवर चढवली. कार्ड मी स्वतःच महिन्यापूर्वी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पण फीत ऐकली नव्हती. कुणीच ऐकत नसे. सगळ्यांचं काम कार्डावर भागत असे.

खरखर सुरू झाली. कुत्रं भुंकलं. मग एका बाईचा आवाज उठला, चढा आणि खणखणीत. पंचफुलाबाईंनी टेबलाची कड धरली. डोळे भरून आले. त्या पुढे झुकून ऐकू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांचा चेहरा बदलायला लागला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, हुंदका आहे. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात दाबून धरला. त्या हसत होत्या.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या. “आन या वक्ती नीट आयक.”

मी फीत मागे फिरवली आणि कान देऊन ऐकलं.

आला गं बाई दिल्लीचा बुवा,
पेटीत कोंडते माह्या कंठाचा रावा.
पुन्हा म्हन, पुन्हा म्हन, किती म्हनू बाई,
याच्या घरी याले कोनी जेवू देत नाई?

माझ्या हातात स्मरणिकेचं छापील पहिलं पान होतं. त्यावर ठळक अक्षरांत हिंदी अनुवाद होता : ‘हे प्रभो, देहाच्या पेटीत तू जीवाचा रावा कोंडलास. पुन्हा पुन्हा हा जन्म, किती घेऊ? तुझ्या घरी माझी भूक कधी शमेल?’

“हे कोनं लिवलं?” मी अर्थ सांगितल्यावर पंचफुलाबाईंनी विचारलं.

“गावच्या मास्तरांनी वांचूसाहेबांना सांगितलं होतं. कार्डावर तसं आहे.”

“बरोबर. मास्तर भिडस्त मानूस. सायबाले तोंडावर कसं सांगन का बाई तुमाले नावं ठेवून रायली?” त्या पुन्हा हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले. “पन हे पाठवनीचं नाई. लगन नव्हतं ना. लग्नाबिगर ती म्हननार नाईच. सायेब मागे लागला, तर तिनं त्यालेच घेऊन गानं जोडलं.” त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. “म्हंजे खरं इथंबी नाई.”

मी उगीच कार्ड उलटंसुलटं केलं. मागच्या बाजूला एक ओळ होती : ‘फीत क्र. २, तीच गायिका. पुनरावृत्ती.’ त्याखाली वांचूसाहेबांची आद्याक्षरं.

“आणखी एक फीत आहे,” मी म्हणाले.

ती फडताळात नव्हती. सक्सेनाजींना विचारलं, तर त्यांनी दाराजवळच्या लाकडी खोक्याकडे बोट केलं. समारंभाच्या ध्वनिमुद्रणासाठी फिती कमी पडत होत्या. म्हणून ज्या ज्या फितींवर ‘पुनरावृत्ती’ असं लिहिलेलं होतं, त्या पुसून पुन्हा वापरायचं ठरलं होतं. यंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

“ही एक काढून घेऊ का?”

“यादीवर संचालकांची सही झाली आहे. ते मॉस्कोत आहेत.”

“मग?”

“ज्यांनी नोंद केली, ते नोंद चुकीची असल्याचं लिहून देऊ शकतात. कारणासह.” सक्सेनाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. “ते बसलेत बागेत. पण टिपणीस,” ते मला आडनावानेच हाक मारत, “त्यांना काय सांगणार आहेस, याचा विचार कर.”

तोच तर प्रश्न होता. वांचूसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. निवृत्त झाल्यावरही रोज अकराला यायचे आणि बागेत लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. त्या चार ओळी त्यांच्या फार आवडीच्या. भाषणात, पत्रात, नव्या माणसाशी ओळख करून देताना ते त्या म्हणून दाखवत. पुढच्या रविवारी भरल्या सभागृहातही म्हणणार होते. तुम्ही पंचवीस वर्षं जी प्रार्थना सांगत आलात ती तुमची थट्टा आहे, असं चोवीस वर्षांच्या मुलीने त्यांना सांगायचं होतं.

मी बागेत गेले. पंचफुलाबाई माझ्या मागोमाग आल्या.

“साहेब, या चिंचखेडच्या. कौतिकाबाईंच्या सून.”

वांचूसाहेब खुर्चीतून उठले. खरोखर उठले आणि त्यांनी हात जोडले. “ते गाणं,” ते म्हणाले, “ज्यानं ही संस्था सुरू झाली.” आणि त्यांनी त्या ओळी हिंदीत म्हणायला सुरुवात केली. देहाची पेटी, जीवाचा रावा.

माझा धीर सुटला. पण पंचफुलाबाई बोलल्या, त्यांना येत होती तेवढ्या हिंदीत. मी इथे ते मराठीतच सांगते.

“सायेब, तसं नाई ते. ती तुमाले बोलत होती.”

“मला?”

“दिल्लीचा बुवा म्हंजे तुम्ही. पेटी म्हंजे तुमची मशीन. तुम्ही सारखे पुन्हा म्हना, पुन्हा म्हना म्हनत होते. तिचा घसा सुकला. तर ती म्हनते, याले घरी कोनी जेवू घालत नाई का?”

वांचूसाहेब उभेच होते. लिंबाचं एक वाळकं पान त्यांच्या खांद्यावर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही. मग ते सावकाश खाली बसले.

“पाच वेळा म्हणायला लावलं होतं मी तिला,” ते म्हणाले. “यंत्राची आवाज दाखवणारी सुई हलत नव्हती. अंगणात बायका होत्या, चाळीसेक. सगळ्या हसत होत्या. मी मास्तरांना विचारलं, का हसतात? ते म्हणाले, भक्तीचा आनंद आहे.”

आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा पंचफुलाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

“साहेब, दुसऱ्या फितीवर काय आहे?” ते शांत झाल्यावर मी विचारलं. “तुम्ही पुनरावृत्ती लिहिलंय.”

“तेच असेल. त्यानंतर तिनं मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. चार भाकऱ्या खाल्ल्या मी. ती समोर बसून काहीबाही विचारत होती. बायको काय करते, मुलं किती. मास्तर मध्ये होतेच. मी निघालो, तर म्हणाली, यंत्र लाव. मला भाषा येत नव्हती, मास्तर तोवर शाळेत गेले होते. मला वाटलं, तेच परत म्हणते आहे. मन मोडू नये म्हणून लावलं.”

त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि मांडीवर ठेवून लिहिलं : ‘फीत क्र. १ व २ यांच्या नोंदी माझ्या अज्ञानामुळे चुकल्या आहेत. पहिल्या फितीत गायिकेने माझी थट्टा केली आहे. दुसरी फीत न ऐकता पुसू नये.’ खाली पूर्ण सही.

सक्सेनाजींनी तो कागद दोनदा वाचला आणि स्वतः उठून खोक्यातली फीत काढून दिली.

वांचूसाहेबही ऐकायच्या खोलीत आले. तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी उभी राहिले. खरखर. भांड्यांचा आवाज. मग कौतिकाबाईंचा आवाज, पण गाण्यात नाही. बोलत होत्या, हळू, यंत्राच्या अगदी जवळ येऊन.

“या बाबूच्या पोरीले आई नाई. तिच्या लग्नात कोन म्हनन? म्हनून म्हनते. घेऊन जा रे बाबू.”

आणि मग गाणं.

माही जाई चालली, तिले हळू न्या गं,
उन्हाच्या वाटेनं तिले सावली द्या गं.

आवाज तोच होता, पण त्यातला खट्याळपणा कुठल्या कुठे गेला होता. पंचफुलाबाई ओठ हलवत होत्या. गाणं संपलं तशी फीत सुटी होऊन फिरायला लागली. मी यंत्र बंद केलं.

“आधी काय बोलली ती?” वांचूसाहेबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. एकेक वाक्य, जसं होतं तसं.

त्यांनी यंत्राच्या थांबलेल्या चाकावर बोट ठेवलं. “मीरा तेव्हा आठ वर्षांची होती,” ते म्हणाले. “तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मास्तरांनी ते कौतिकाबाईला सांगितलं असणार.” मग थोडं थांबून, “मीराचं लग्न एकाहत्तर साली झालं. आम्ही बँड लावला होता.”

पंचफुलाबाई म्हणाल्या, “कुठी असते ती?”

“इथंच. करोलबागेत.”

“मंग आना तिले उद्या. मी म्हनते.”

“तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, बाई.”

“झाली तर झाली. तिचं राह्यलं होतं ना.”

पुढचे तीन दिवस पंचफुलाबाई दहाच्या ठोक्याला येत आणि पाच वाजेपर्यंत त्या खोलीत बसत. लिहिता येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ ऐकायची, मग म्हणायची, चुकली की पुन्हा ऐकायची. फीत मागेपुढे करायला मी होते. गाण्यात आईच्या ओळीला मुलीची ओळ जोडून येई, त्यामुळे सराव करताना मुलीच्या ओळी मला म्हणाव्या लागत. “गळा बरा हाये तुहा,” त्या म्हणाल्या, “पन दिल्लीचा हाये. जरा मोकळा सोड.” सक्सेनाजी दुपारी तीन कप चहा घेऊन यायचे आणि दाराशी रेंगाळायचे.

दुसऱ्या दिवशी वांचूसाहेबांची मीरा आली. उंच, केस कापलेली, हाताला धरलेला सहा वर्षांचा मुलगा. काय चाललंय ते तिला धड कळलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हात हातात घेतला आणि तेव्हा येत होतं तेवढं गाणं म्हटलं. मीराला एक शब्दही कळत नव्हता. तरी दुसऱ्या कडव्याला तिने मान खाली घातली आणि मुलगा विचारायला लागला, मम्मी का रडते. वांचूसाहेब दाराबाहेर व्हरांड्यात पाठ करून उभे होते.

रविवारी समारंभ झाला. स्मरणिका छापून झाली होती, पण पहिल्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली होती. आठशे प्रतींवर सक्सेनाजींनी आणि मी हाताने चिकटवल्या. वांचूसाहेबांनी व्यासपीठावर त्या चार ओळी नेहमीच्या गंभीर आवाजात म्हटल्या, सभागृहाने माना डोलावल्या आणि मग त्यांनी खरा अर्थ सांगितला. पुढच्या रांगेत मंत्री बसले होते, तेसुद्धा खो खो हसले. हशा ओसरल्यावर साहेब म्हणाले, “आमच्या उद्देशात मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या, गोळा करणे आणि जतन करणे. तिसरी लिहायची राहिली. मागायला येईल त्याला परत देणे.” पुढच्या सभेत ते वाक्य रीतसर घातलं गेलं.

त्याच आठवड्यात बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं. मी घरी कुणाला न सांगता ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि चिंचखेडच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा मागितली.

वनिताची पाठवणी उतरत्या दुपारी होती. मांडवाच्या तोंडाशी बैलगाडी उभी, बायकांचा घोळका, मध्ये पिवळ्या लुगड्यातली वनिता. पंचफुलाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी गाणं सुरू केलं. वीस वर्षांनी ते सूर कानावर पडल्यावर म्हाताऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला वनिताने आईच्या गळ्यात हात टाकले आणि पंचफुलाबाईंचा आवाज तुटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शब्द फुटेना.

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. पुढची ओळ कुणालाच येत नव्हती. गाडीवान कासरा हातात घेऊन थांबला होता. पंचफुलाबाईंनी लेकीच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी चारचौघांत कधी गायले नव्हते. पण ती ओळ मी तीन दिवसांत शंभरदा ऐकली होती.

तुह्या हातची वेल मांडवी चढली,
पानी घालीन तिले, जशी तूच घरी राह्यली.

गळा जमेल तितका मोकळा सोडला. पुढच्या ओळीला एक म्हातारी माझ्या आवाजात मिसळली, मग दुसरी. त्यांना शब्द येत नव्हते, त्या नुसता शेवट धरत होत्या. गाणं पुरं झालं, तेव्हा वनिता गाडीत चढली.

धूळ खाली बसल्यावर त्या पहिल्या म्हातारीने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“ही कोनाची पोर वं, पंचफुले?”

पंचफुलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “दिल्लीची हाये,” त्या म्हणाल्या. “आपलं गानं हिच्यापाशी ठेवलं होतं.”

म्हातारी माझा हात धरून मला जेवायला घेऊन गेली.